बेडफर्ड, आल्बियन आणि आंबोलीचा घाट

मालवणच्या बाजारपेठेत गुळाची ढेप कोल्हापूरची, लाल मिरची संकेश्वरची, कांदा-बटाटा बेळगावकडचा. माशाच्या कालवणात मासा, नारळ आणि सोलं तेवढी घरची. बाकीचं बरंचसं घाट उतरून आलेलं. बाजाराची ही मांडणी आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कधी वेगळी असेल असं वाटतही नाही. पण शंभर वर्षांपूर्वी या गावाचा पुढचा दरवाजा समुद्राकडे होता. मुंबईची आगबोट खडकांपासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, कापडाचे गठ्ठे, आंब्याच्या पेट्या होड्यांतून ये-जा करायच्या. मंगळुरी कौलं गलबतांतून यायची. पावसाळ्यात आगबोट बंद झाली की मुंबई फार लांब जायची, आणि नारळी पौर्णिमा उलटली की पुन्हा सगळ्यांचे डोळे पाण्याकडे लागायचे.

या किनाऱ्याचं तोंड समुद्राकडून घाटाकडे फिरलं ते लॉरीमुळे. मुंबई इलाख्याच्या रस्त्यांवर हे काम ज्या गाड्यांनी सुरू केलं, त्यांच्या बॉनेटवरची नावं बेडफर्ड, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, कॉमर, लेलँड अशी होती. सोबतीला शेव्हरोले, फोर्ड, डॉज ही अमेरिकन नावं होतीच. पण ल्यूटन, बर्मिंगहॅम, ग्लासगो आणि लँकेशायरच्या थंड, सपाट मुलखात जन्मलेल्या ब्रिटिश लॉऱ्यांना सह्याद्रीच्या वळणांवर जे करावं लागलं, ते त्यांच्या कारागिरांच्या कल्पनेतही नसेल. ती गोष्ट सांगायची तर आधी रस्त्याची सांगायला हवी, कारण रस्ता लॉरीच्या आधीचा आहे.

बेळगावला इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती. तिला लागणारी रसद समुद्रमार्गे वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायची आणि तिथून वर चढवली जायची. त्याआधीही या वाटा वाहत्या होत्याच. लमाणांचे बैलांचे तांडे किनाऱ्याचं मीठ, नारळ आणि सुकी मासळी घेऊन चढत आणि धान्य घेऊन उतरत. पण बैलाच्या पाठीवरची गोणी वेगळी आणि तोफगाड्याचं चाक वेगळं. आधी रामघाटाचा रस्ता झाला. तो फार खडा होता. पुढे एकोणिसाव्या शतकात पारपोलीहून आंबोलीला चढणारा घाट बांधला गेला आणि सावंतवाडी, आंबोली, बेळगाव असा चाकांचा रस्ता तयार झाला. उत्तरेकडे फोंडाघाटाने देवगड-खारेपाटणचा पट्टा निपाणी आणि कोल्हापूरला जोडला गेला. वेंगुर्ल्याची पेठ या रस्त्यावर फुलली.

आणि मग रेल्वेने तिला ओलांडलं. १८८८ साली मार्मागोव्याचं बंदर आणि तिथून घाट चढणारी रेल्वे सुरू झाली, तसा दख्खनचा माल त्या वाटेने वळला. १८९१मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला पोहोचली. म्हणजे घाटमाथ्यावर बेळगाव आणि कोल्हापूर इथे रूळ आले, दक्षिणेला गोव्यातही आले, आणि मधला सावंतवाडी-मालवण-देवगडचा मुलूख कोरडाच राहिला. पुढची शंभरहून अधिक वर्षं इथे आगगाडीची शिट्टी ऐकू येणार नव्हती.

ब्रिटनमधल्या आणि कोकणातल्या लॉरीच्या इतिहासातला पहिला मोठा फरक इथेच आहे. इंग्लंडात लॉरी आली ती रेल्वेचा माल हिसकावून घेत. पहिल्या महायुद्धानंतर सैन्यातून सुटलेल्या शिपायांनी लष्कराने मोडीत काढलेल्या लॉऱ्या विकत घेतल्या आणि रेल्वेच्या दारातूनच भाडी पळवली. सिंधुदुर्गात लॉरीला रेल्वेशी झुंजायचं नव्हतं. तिला रेल्वेची उणीव भरून काढायची होती.

मोटारी या भागात मुंबईमार्गे आल्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरायच्या आणि शिवडीत त्यांची गाडी उभी राहायची. सुरुवातीला हा माल मुख्यतः शेव्हरोलेचा. त्याच जनरल मोटर्सची इंग्लंडमधली कंपनी व्हॉक्सहॉल. तिने ल्यूटनमध्ये १९३१पासून शेव्हरोलेच्याच धर्तीवर, पण ब्रिटिश नावाने लॉरी बनवायला सुरुवात केली. ल्यूटन ज्या परगण्यात आहे, तो बेडफर्डशर. म्हणून लॉरीचं नाव बेडफर्ड. हलकी, स्वस्त, दुरुस्तीला सोपी आणि चढाला दमदार असलेली ही गाडी साम्राज्यभर पसरली. ‘ती तुम्हाला सगळीकडे दिसेल’ अशा अर्थाची तिची जाहिरात होती, आणि ती खरी ठरली.

आल्बियनचा थाट निराळा. ग्लासगोत १८९९ साली स्थापन झालेली ही स्कॉटिश कंपनी. तिच्या रेडिएटरवर उगवत्या सूर्याचं चिन्ह असायचं, आणि सूर्योदयाइतकी खात्रीची गाडी अशी तिची ख्याती होती. कॉमर हीही ल्यूटनचीच. मॉरिस कमर्शियल बर्मिंगहॅमची, आणि लेलँड तर १८९६पासून वाफेच्या गाड्या बनवणाऱ्या लँकेशायरच्या एका गावाचंच नाव. सेडन ही लँकेशायरची आणखी एक कंपनी यातली धाकटी: १९३८ साली तिने पर्किन्सचं पी-सिक्स डिझेल इंजिन बसवून लॉरी काढली. हलक्या लॉरीत डिझेल, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. बहुतेक गाड्या पेट्रोलवरच चालत.

कारखान्यातून यायची ती पूर्ण गाडी नव्हेच. यायची ती चासी: चौकट, इंजिन, चाकं, बॉनेट आणि स्टिअरिंग. वरचं घर आपल्याकडच्या सुतारांनी बांधायचं. सागवानी चौकट, फळ्यांचा हौदा, पत्र्याचं किंवा लाकडाचंच केबिन. त्यामुळे बॉनेट ल्यूटनचं आणि हौदा कोल्हापूरचा, अशी ती जोडणी व्हायची. मुंबई इलाख्यातल्या लॉऱ्यांना चेहरा एकच असला, तरी अंग प्रत्येकीचं वेगळं होतं, आणि जाणकार हौद्याच्या फळ्यांवरूनच मिस्त्री ओळखत.

आता घाटाकडे.

सकाळी गाडी सुरू करायची म्हणजे आधी हँडल मारायचं. रेडिएटरखालच्या भोकात लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं. क्लीनरला पहिला धडा मिळायचा तो हँडल धरण्याचा. अंगठा मुठीला वळसा घालून पकडायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. कारण इंजिनने उलटा झटका दिला की हँडल मागे येतं, आणि अंगठा आडवा असेल तर मोडतो. एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे कित्येकांची मनगटं गेली. क्लीनर म्हणजे लॉरीच्या विद्यापीठातला उमेदवारीचा विद्यार्थी. कोकणात त्याला क्लीनर म्हणत, घाटावर गेलं की त्याचाच किन्नर व्हायचा.

सावंतवाडी सोडली की दाणोलीपर्यंत रस्ता बराच सरळ असतो. मग चढ सुरू होतो. समुद्रसपाटीच्या आसपास असलेली गाडी काही मैलांतच सुमारे ७०० मीटर उंचीवर न्यायची असते. त्या काळच्या गिअरबॉक्सला आजच्यासारखी समज नव्हती. एका गिअरमधून दुसऱ्यात जायचं, तर आतल्या दात्यांचा वेग ड्रायव्हरने स्वतःच्या कानाने जुळवायचा. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक ठोसा देऊन इंजिनचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणत. सपाटीवर चुकलं तर दाते करकरतात, एवढंच. घाटातल्या वळणावर चुकलं, तर भरलेली लॉरी कुठल्याच गिअरमध्ये नसते आणि मागे सरकायला लागते. मागे दरी.

अशा वेळी क्लीनरचं खरं काम सुरू होई. तो मागच्या फळीवर किंवा पायरीवर तयारच असे, हातात लाकडाची त्रिकोणी उटी घेऊन. गाडी अडखळली की उडी मारून त्याने मागच्या चाकाखाली उटी सारायची. अवघड वळणांवर तर तो लॉरीसोबत चालतच जायचा. दर काही हातांवर उटी उचलायची, पुढे लावायची, पुन्हा उचलायची. बैलगाडीच्या काळापासून चालत आलेला हा ठोकळा पेट्रोलच्या युगातही तसाच राहिला. ल्यूटनच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख असण्याचं कारण नव्हतं, पण आंबोली आणि फोंडाघाटात त्याच्याशिवाय लॉरी चढत नव्हती.

दुसरा शत्रू उष्णता. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमक्या आंब्याच्या मोसमात, चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत जाणाऱ्या गाडीचं पाणी उकळायचं. पेट्रोलवरच्या गाड्यांचं आणखी एक दुखणं होतं: नळीतलं पेट्रोलच तापून त्याची वाफ व्हायची, पंपाला ओढायला काही उरायचं नाही आणि गाडी अचानक बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, पंपावर आणि नळीवर ओला फडका गुंडाळायचा आणि थांबायचं. घाटातल्या झऱ्यांच्या जागा प्रत्येक ड्रायव्हरला तोंडपाठ असत, कारण रेडिएटर, फडका आणि माणसं यांची तहान तिथेच भागायची. एखादं देवस्थान अशा पाण्याजवळ असलं तर नारळ फुटायचा. यात भाबडेपणा काही नव्हता. जिथे इंजिन थंड होतं आणि पुढचा चढ दिसतो, तिथे माणसाचे हात आपोआप जुळतात.

उतरताना नियम साधा: ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. ब्रेकवर भरवसा ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापून निकामी व्हायचे. इंजिनलाच ब्रेक मानून, त्याच्या घरघरीवर कान ठेवून खाली यायचं. पावसात याला धुक्याची जोड मिळे. आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथे पडतो. काचेवरचं पाणी, समोरचं धुकं, डोंगरातून सुटलेले दगड. वळणावर क्लीनर खाली उतरून पुढे चालायचा, आणि त्याच्या आवाजावर गाडी चालायची. दरड कोसळली की गाडी अडकून पडायची आणि हौद्यातला गूळ ताडपत्रीखाली पाझरायला लागायचा.

दुसऱ्या महायुद्धाने या सगळ्याला वेगळंच वळण दिलं. पेट्रोलवर नियंत्रण आलं, आणि गाड्यांच्या मागे किंवा बाजूला कोळशाची उंच नळकांडी बसली. त्यात लाकडी कोळसा अर्धवट जाळून जो वायू निघे, त्यावर इंजिन चालवायचं. सह्याद्रीत कोळशाला तोटा नव्हता, पण या वायूवर इंजिनाची ताकद बरीच घटे. सकाळी पंखा फिरवून भट्टी फुलवायची, मग बऱ्याच वेळाने गाडी हलायची. चढ आला की प्रवाशांना खाली उतरवून ढकलायला लावण्याचे प्रसंग या कोळशाच्या गाड्यांच्या आठवणींत हमखास येतात. कोकणातल्या एका आख्ख्या पिढीच्या नाकात मोटारीचा पहिला वास पेट्रोलचा नाही, धुराचा बसला.

युद्ध संपलं आणि लष्कराचा अतिरिक्त माल विक्रीला निघाला. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्द तेव्हाचा. या गाड्यांत ब्रिटिश होत्या आणि अमेरिकनही. बऱ्याच अमेरिकन गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. डावीकडून चालणाऱ्या आपल्या रस्त्यावर अशा ड्रायव्हरला पुढच्या गाडीपलीकडचं काही दिसत नाही. घाटात तर समोरून काय येतंय, हे क्लीनरलाच सांगावं लागे. ब्रिटिश लॉरीला उजवं स्टिअरिंग जन्मजात होतं. घाटातल्या माणसाला हा गुण फार मोठा वाटला असला पाहिजे.

इथून पुढे १९४८ हे साल येतं, आणि त्या सालात एक योगायोग आहे.

ब्रिटनमध्ये ॲटलींच्या मजूर सरकारने १९४७ साली वाहतुकीचा कायदा केला. १ जानेवारी १९४८पासून तिथली रेल्वे सरकारी झाली आणि पाठोपाठ लांब पल्ल्याची मालवाहतूकही. पिकफर्ड्ससारख्या जुन्या, नामांकित कंपन्यांसह शेकडो लहान-मोठे लॉरीमालक सरकारी छत्राखाली गेले आणि ब्रिटिश रोड सर्व्हिसेस हे नाव हजारो लॉऱ्यांवर रंगवलं गेलं. जे खासगी मालक बाहेर राहिले, त्यांना आपल्या ठाण्यापासून २५ मैलांपलीकडे भाड्याचा माल नेण्यावर बंधन आलं. पिढ्यान्‌पिढ्यांचे धंदे एका सहीने गेल्याची सल तिथल्या लॉरीवाल्यांनी दीर्घकाळ उरात बाळगली. १९५३मध्ये चर्चिल सरकारने हा निर्णय बराचसा फिरवला, पण सगळी जुनी नावं काही परत आली नाहीत.

त्याच १९४८च्या १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली. किसन राऊत चालक होते, लक्ष्मण केवटे वाहक. मुंबईच्या सरकारचे प्रमुख तेव्हा बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचेच. त्यांच्या सरकारने घेतला तो निर्णय ब्रिटनच्या अगदी उलट होता: प्रवासी वाहतूक सरकारने घ्यायची, मालवाहतूक खासगी मालकांकडेच ठेवायची. तिकडे लॉरी सरकारी झाली, इकडे बस.

कोकणासाठी या निर्णयाचं वजन फार होतं. तोवर गावोगाव खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत होत्या. माणसं आत, सामान टपावर, आणि सगळी माणसं आल्याशिवाय गाडी सुटत नसे. ज्यांचे मार्ग एस.टी.कडे गेले, त्यांच्यापुढे मोटारीच्या धंद्यात मालवाहतुकीचं दार तेवढं उघडं राहिलं. दुसरीकडे एस.टी.ला गाड्या हव्या होत्या, आणि मिळतील तिथून त्या घेतल्या गेल्या. सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट असे दहा प्रकार होते. दहातले निम्म्याहून जास्त ब्रिटिश. दहा कंपन्या म्हणजे दहा तऱ्हेचे नट-बोल्ट, दहा तऱ्हेचे गिअर. ब्रिटिश गाडीचे आटे अमेरिकन पान्याला जुळत नाहीत. लांबच्या आगारातल्या एखाद्या मेकॅनिकला सकाळी बेडफर्डचा क्लच आणि दुपारी आल्बियनचा ब्रेक उघडावा लागत असेल, तर त्याच्या कौशल्याला सलामच केला पाहिजे. पन्नासच्या दशकाच्या आरंभी मॉरिस कमर्शियलच्या चासीवर एस.टी.ने ‘नीलकमल’ आणि ‘गिर्यारोहिणी’ या दोन आरामगाड्या काढल्या आणि त्या पुण्याहून महाबळेश्वरला जात. कोकणच्या वाट्याला मात्र लाकडी बांधणीच्याच गाड्या आल्या, आणि चाकरमान्यांनी त्याही आनंदाने स्वीकारल्या.

लॉरीचा धंदा यापुढे वाढला तो मोठ्या कंपन्यांच्या रूपाने नव्हे. ब्रिटनमधल्या जुन्या वाहतूक कंपन्यांची नावं सोनेरी अक्षरांत, नीटस रंगसंगतीत लॉरीवर लिहिलेली असत. इथे केबिनच्या वर असायची ती ‘पब्लिक कॅरियर’ ही पाटी. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याने माल नेणाऱ्या गाडीला हे नाव दिलं होतं, आणि तिच्यासाठी परवान्याची अट घातली होती. पाटीखाली किंवा बाजूला मालकाचं, गावाचं, बहुधा एखाद्या देवाचं नाव. अनेक मालकांकडे गाडी एकच. तीही उसनवार करून घेतलेली. मालकच ड्रायव्हर, भाऊ किंवा भाचा क्लीनर. कंपनी म्हणजे बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानाच्या ओट्यावरचं टेबल आणि पावतीपुस्तक. लॉरीमालकांच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या त्या पुढे, आणि बऱ्याच घाटावर. सीमेपलीकडचं नाव सांगायचं तर गदगच्या विजय संकेश्वरांनी १९७६ साली एका लॉरीवर सुरू केलेला धंदा वाढत वाढत व्ही.आर.एल. झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक बनला.

एका गाडीच्या मालकाचं सारं गणित परतीच्या भाड्यावर अवलंबून असे. जाताना नारळ, सुपारी, काजू, सोलं, सुकी मासळी, शिरोड्याचं मीठ. येताना गूळ, मिरची, कांदा, डाळी, निपाणीचा तंबाखू. जाताना भरून आणि येताना रिकामी आली तर पेट्रोलचाच खर्च अंगावर. त्यामुळे कोल्हापूर आणि बेळगावच्या अडत्यांशी कोकणातल्या लॉरीवाल्यांची जी नाती जुळली, ती दोन-तीन पिढ्या टिकली. सोयरिकीही त्या वाटेने झाल्या. मालवणात ‘गाडी घाटार गेली’ एवढं म्हटलं की पुरे. कुठल्या घाटाने, कुठल्या पेठेत, ते ऐकणाऱ्याला ठाऊक असायचं.

दुरुस्तीसाठीही वरच जायचं. मोठं काम निघालं की गाडी कोल्हापूरला. तिथल्या उद्यमनगरातल्या कारागिरांनी इंजिनाचे भाग नव्याने घडवण्यात नाव कमावलं होतं. इंग्लंडहून सुटा भाग यायला महिने लागत, आणि परकीय चलनाच्या टंचाईत तो येईलच याचीही खात्री नसे. मग लेथवर तो इथेच वळवायचा. एखाद्या बेडफर्डचं आयुष्य ल्यूटनच्या हिशेबाच्या कितीतरी पुढे गेलं, ते या अनाम मिस्त्र्यांमुळे. त्यांच्या कामाची नोंद कुठल्या कंपनीच्या इतिहासात नाही, आणि ती असायला हवी होती.

देवगडच्या हापूसने लॉरीला खरी प्रतिष्ठा दिली. आंबा हा घड्याळावर चालणारा माल. तो झाडावरून उतरला की पेंढ्यात बसवून लाकडी पेटीत भरायचा आणि पिकायच्या आत मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पोहोचवायचा. आगबोटीच्या दिवसांत पेट्या बंदरावर, मग होडीत, मग आगबोटीत, मग भाऊच्या धक्क्यावर, मग हातगाडीवर, अशा पाच हातांतून जात. समुद्र खवळला, बोट चुकली, की डाग पडला. लॉरी बागेच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि थेट बाजारात रिकामी व्हायची. रस्ता लांबचा होता, वाटेत खाड्या होत्या, कित्येक ठिकाणी पूल नव्हते. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या तराफ्यावर गाडी चढवायची आणि भरती-ओहोटी पाहून पलीकडे न्यायची, नाहीतर सरळ फोंडाघाटाने वर चढून कोल्हापूर-पुणे असा वळसा घ्यायचा. एवढं करूनही बागायतदाराला लॉरी परवडत होती. एकदा पेटी भरली की ती पुन्हा उतरवायची नाही, यातच सगळं आलं.

समुद्राचा रस्ता त्यामुळे लगेच ओस पडला नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनंतर इतर कंपन्यांनी ही सेवा चालवली आणि १९७०च्या दशकात ती मोगल लाइनकडे आली. पण एक-एक खाडीवर पूल झाला, मुंबई-गोवा रस्ता सलग झाला, तशी एक-एक बंदराची बोट थांबली. बोटीने जाणारा शेवटचा चाकरमानी कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मधल्या काळात दक्षिणेची सीमाही बदलली. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची १९५०च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बांदा, सातार्डा, दोडामार्गकडचे जुने व्यवहार गोठले. डिसेंबर १९६१मध्ये ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने गोव्यात शिरली. लष्कराच्या मोटारींच्या रांगा सावंतवाडी परिसराने तेव्हा पाहिल्या. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि वाडीच्या लॉरीवाल्यांसाठी साडेचारशे वर्षांची सीमा उघडली. रेडीच्या खाणींतलं लोहखनिज बंदराकडे नेणाऱ्या, लाल धुळीने माखलेल्या लॉऱ्या हे पुढे या पट्ट्याचं रोजचं चित्र बनलं.

तोवर बॉनेटवरची नावं मात्र बदलायला लागली होती. स्वतंत्र भारताने ठरवलं, की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. गाडी इथेच बनवायची असेल तर राहा. १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर जनरल मोटर्सने १९५४मध्ये शिवडीचं काम गुंडाळलं. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटांच्या टेल्कोने मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल ट्रक काढला. पुढची पंधरा वर्षं त्याच्या पुढ्यात तीन टोकांचा तारा होता. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट, आणि घाटात पेट्रोलची वाफ होण्याची भानगड नाही. कोकणातल्या लॉरीवाल्यांनी हिशेब केला आणि ते टाटाकडे वळले. कुर्ल्यात वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने डॉज-फार्गो ट्रक काढले. बेडफर्ड पुढे हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून काही काळ येत राहिली. मद्रासमध्ये १९४८ साली ऑस्टिनच्या मोटारी जोडण्यासाठी निघालेली अशोक मोटर्स लेलँडशी जोडली गेली आणि १९५५मध्ये अशोक लेलँड झाली. तिच्या कॉमेट ट्रकच्या नाकावर लँकेशायरची छाप बरीच वर्षं ओळखू येत होती.

ब्रिटनमध्ये ती घराणी एकेक करून संपली. आल्बियनला लेलँडने १९५१मध्येच विकत घेतलं होतं. १९७२मध्ये उगवत्या सूर्याचं ते नावही गेलं. मॉरिस कमर्शियल १९६०च्या दशकात मिटली, कॉमर सत्तरीच्या दशकात. सेडन १९७०मध्ये ॲटकिन्सनशी जोडली गेली. १९८७ हे साल तर दोन्ही थोरल्यांना भोवलं: लेलँडचा ट्रकचा धंदा डच डॅफकडे गेला आणि बेडफर्डचा डन्स्टेबलचा कारखाना विकला गेला, जो १९९२मध्ये बंदच झाला. आज लेलँड गावात ट्रक बनतात, पण त्यांवर नाव डॅफचं असतं. लेलँड हे नाव मात्र चेन्नईच्या ट्रकवर, एस.टी.च्या गाड्यांवर आणि आंबोलीच्या घाटात रोज चढ-उतार करतं.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पुढे गाड्यांवर एम.एच. ०७ हा क्रमांक आला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी स्थानकं नकाशावर आली. लॉरीच्या जन्मापासून ज्या रेल्वेची जागा तिने इथे भरून काढली होती, ती अखेर आली. आणि पुढच्याच वर्षी, १९९९मध्ये, कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा ‘रोरो’ सेवा सुरू केली. सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवायचे, साखळदंडांनी बांधायचे, आणि सगळी रांग रेल्वेने गोव्याला न्यायची. कुडाळच्या फलाटावरून पाहिलं तर तीस-चाळीस ट्रक रुळांवरून सरकत जाताना दिसतात. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. ड्रायव्हर केबिनमध्येच असतो, पाय वर घेऊन, कधी झोपलेला, कधी स्टोव्हवर चहा करत, कधी क्लीनरशी पत्ते खेळत. डोंगर त्याच्या खिडकीबाहेरून जातात, बोगदे येतात, आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असतात.